नाटकाचं शिक्षण झालं, आता पुढे काय? नाशकात राहून जमतं का मुंबईच गाठायची?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकची, सिडकोत राहते, वय २३. शाळेत बालनाट्य, कॉलेजात एकांकिका, मग राज्य नाट्य स्पर्धेत छोट्यामोठ्या भूमिका असं करत करत वेड लागलं आणि ग्रॅज्युएशननंतर पुण्यात दोन वर्षांचा नाटकाचा कोर्स केला (संस्थेचं नाव नको, इथे ओळखीचे निघतील). तो आता संपला आणि मी गादी-बादलीसकट घरी परत आलेय.

कोर्सबद्दल तक्रार नाही. आवाज, शब्दोच्चार, शरीर, इम्प्रोव्हायझेशन, संस्कृत नाटक, ग्रीक नाटक, लाईटचं थोडंफार, सगळं मनापासून शिकवलं. पण काम मिळतं कसं हे कुणी बोललंच नाही. पैसे किती मागायचे, कधी मागायचे, ऑडिशन नक्की कुठे असतात, व्यावसायिक नाटकात नवीन माणूस शिरतो कुठून, यातलं शून्य. शेवटच्या दिवशी सर म्हणाले आता बाहेर पडा आणि भरपूर काम करा. बाहेर म्हणजे कुठे, ते काही म्हणाले नाहीत.

सध्या काय चाललंय तर व्हॉट्सॲपवरच्या पाच-पंचवीस कास्टिंग ग्रुपमध्ये आहे, रोज 'अर्जंट रिक्वायरमेंट, फीमेल, २० ते २५' येतं, मी व्हिडिओ करून पाठवते आणि पुढे सामसूम. एकीकडून उत्तर आलं की 'चांगलं आहे पण थिएटरचं वाटतंय, कमी करा'. कमी करा म्हणजे नक्की काय कमी करू, आवाज, हात, डोळे? दुसऱ्या एकाने सिलेक्शन झालंय म्हणून सांगितलं आणि मग आर्टिस्ट कार्डासाठी पैसे भरा म्हणाला. नाही भरले.

घरचे विरोधात नाहीत हे आधीच सांगते, नाहीतर सगळे त्यावरच सुरू होतील. पप्पा अंबड एमआयडीसीत आहेत, माझं प्रत्येक नाटक बघितलंय त्यांनी. फक्त रोज रात्री जेवताना 'मग, काय ठरलं?' विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं. आई म्हणते बीएड करून ठेव. एक वर्ष देऊ म्हणालेत, त्या वर्षात काय केलं म्हणजे काहीतरी हाताला लागेल? मुंबईला राहायला जाऊ की इथून ये-जा करू? मालिका, नाटक, पुढचं शिक्षण, सगळं एकदम डोक्यात फिरतंय. या क्षेत्रातल्या लोकांनी प्लीज खरं खरं सांगा, मोटिव्हेशन नको.

मिसळ_पापड

मुंबईला जा. पुढचा प्रश्न?

उपनगर_नाका

@मिसळ_पापड डिपॉझिट तू भरतोयस का मग?

विंगेतला

ताई, मी व्यावसायिक नाटकात आहे, आधी बॅकस्टेज, मग छोटी कामं, आता दोन्ही. मूळचा आपल्याच भागातला, सिन्नरकडचा. मोटिव्हेशन नको म्हणालीस ते बरं केलंस, सरळ सांगतो.

व्यावसायिक नाटकात पगार नसतो, नाईट असते. प्रयोग झाला की त्या प्रयोगाचे ठरलेले पैसे. प्रयोग रद्द झाला, बुकिंग नाही म्हणून काढून टाकला, मुख्य नटाला मालिकेचं शूटिंग लागलं, की तुझी नाईट गेली. आणि तालमीचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, नवीन माणसाला तर विसरच. महिना-दीड महिना रोज तालीम, वडापाव कंपनीचा, गाडीभाडं आपलं. त्यामुळे 'नाईट किती' या प्रश्नाइतकाच 'महिन्याला प्रयोग किती लागतात' हा प्रश्न महत्त्वाचा. नाईट चांगली पण महिन्यात चार प्रयोग, आणि नाईट कमी पण नाटक पळतंय आणि पंधरा प्रयोग, यात दुसरं घे. पैशाचं तर आहेच, पण एकच भूमिका पंधरा वेळा वेगवेगळ्या थिएटरात केल्यावर जे कळतं ते कुठल्याही कोर्समध्ये कळत नाही. डोंबिवलीत ज्या वाक्याला टाळी येते ते वाक्य पार्ल्यात तसंच निघून जातं, मग तू आपोआप शोधायला लागतेस की का.

आता शिरायचं कुठून. मोठ्या नाटकाची ओपन ऑडिशन फार क्वचित निघते. माणूस लागला की दिग्दर्शक त्याच्या असिस्टंटला विचारतो, तो एकांकिकेतल्या पोरांना, सूत्रधार (म्हणजे नाटकाचं व्यवस्थापन बघणारा) त्याच्या ओळखीतल्यांना, आणि संध्याकाळपर्यंत माणूस ठरतो. यात लबाडी काही नाहीये, वेळच नसतो कुणाकडे. म्हणून त्यांना तुझं नाव आठवलं पाहिजे, आणि नाव आठवायला तू कुठेतरी तालमीत दिसली पाहिजेस. यातला सर्वात जास्त चालणारा रस्ता म्हणजे रिप्लेसमेंट. चालू नाटकातली मुलगी मालिकेत जाते, लग्न करून जाते, आजारी पडते, आणि चार दिवसांत कुणीतरी उभं करावं लागतं. त्या वेळी जिला नाटक पाठ आहे तिला काम मिळतं. कुणाला पाठ असतं? जी विंगेत उभी राहून रोज बघते तिला. प्रॉम्प्टिंग कर, म्युझिक ऑपरेट कर, कपडेपट सांभाळ, काहीही कर पण विंगेत ये. 'मी ॲक्टिंग शिकलेय, कपडे का सांभाळू' असं वाटत असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

आणि याची सुरुवात नाशकातून होऊ शकते हे कुणी सांगत नाही. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची नाटकं कालिदास कलामंदिरला लागतात ना, दुपारी जाऊन बघ मागच्या बाजूला. नाटकाची बस लागते, सेटचे फ्लॅट उतरवतात, दोन-तीन तासांत नेपथ्य उभं करायचं, लाईट लावायचे, फोकस करायचे, आणि माणसं कायम कमी असतात. इथे नाटक आणणारे जे स्थानिक व्यवस्थापक आहेत, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत खाली फोन नंबर असतो, त्यांना फोन कर, मी नाटक शिकलेय, बॅकस्टेजला मदत करते म्हण. पहिल्या वेळी फुकट करावं लागेल. तीन-चार नाटकांच्या बॅकस्टेजची पोरं ओळखायला लागली की मुंबईत तू अनोळखी राहत नाहीस. निर्मात्याला फोटो पाठवत बसण्यापेक्षा बॅकस्टेजच्या पोरांशी ओळख कर, कुठल्या नाटकात कोण सोडून चाललंय हे आधी त्यांना कळतं.

टायपिंग फार झालं, माझा कॉल टाइम झालाय. उरलेलं रात्री.

कॉल_शीट

हाय, मी मालिकांमध्ये काम करते, घर नाशिकरोडला, राहते ठाण्यात. वरच्या दादांनी नाटकाचं सांगितलंय ते बरोबर आहे, मी कॅमेऱ्याबद्दल बोलते.

'थिएटरचं वाटतंय' हे मलाही ऐकवलं गेलंय, आणि आपण शिकलेलं चुकीचं आहे असा त्याचा अर्थ अजिबात घेऊ नकोस. नाटकात तू शेवटच्या रांगेतल्या आजोबांसाठी बोलतेस. कॅमेऱ्यात तो माणूस तुझ्या नाकासमोर बसलाय. तू हात, डोळे असं सुटं सुटं कमी करायला गेलीस तर मढ्यासारखं दिसेल, अनुभवाने सांगते. त्यापेक्षा समोरच्या माणसाचं अंतर बदल. ते वाक्य पंधरा फुटांवरच्या माणसाला न म्हणता शेजारी बसलेल्या बहिणीला म्हण, आवाज आपोआप उतरतो, भुवया खाली येतात. आणि ऐकणं कॅमेऱ्यात दिसतं. आपण नाटकवाले समोरचा बोलत असताना आपल्या पुढच्या वाक्याची तयारी करतो ना, ते कॅमेरा लगेच पकडतो.

सेल्फ टेप (म्हणजे घरूनच स्वतःची ऑडिशन शूट करून पाठवायची ती) करताना फोन आडवा, स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला. कंबरेपासून वर दिसेल इतकंच. मागे साधी भिंत, खिडकी तुझ्या समोर, पाठीमागे नको. समोरची वाक्यं वाचायला कुणाला तरी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभं कर, नजर तिकडे, थेट लेन्समध्ये बघू नकोस (इंट्रो सोडून, तो लेन्समध्येच द्यायचा). इंट्रोत नाव, वय, उंची, कुठे राहतेस, कोणत्या भाषा येतात, दोन्ही बाजूंचा प्रोफाईल, झालं. मागे गाणं लावू नकोस, फिल्टर तर मुळीच नको, त्यांना तुझी खरी स्किन बघायची असते. आणि पाठवतेस ती फाईल नावाने सेव्ह कर, तिकडे दिवसाला शेकडो व्हिडिओ असतात आणि अर्ध्यांचं नाव 'फायनल फायनल' असतं.

पैसे. मालिकेत पर डे मिळतं, म्हणजे जितके दिवस शूट केलंस तितक्या दिवसांचे. महिन्याला किमान किती दिवस देणार हे आधी विचारून घ्यायचं आणि कागदावर आणायचं, नाहीतर ट्रॅक बदलला की तू घरी बसतेस आणि चॅनलच्या बंधनामुळे दुसरीकडे कामही करता येत नाही. आणि पेमेंट बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी, म्हणजे आज शूट केलेल्याचे पैसे तीन महिन्यांनी. काम लागलं म्हणून आनंदाने मुंबईत घर घेतलंस तर पहिले तीन महिने खायचं काय याचा हिशोब आधी करून ठेव. शिवाय कोऑर्डिनेटरकडून (काम मिळवून देणारा मधला माणूस) काम आलं असेल तर त्याचा टक्का जातो, आणि टीडीएस कापतात दहा टक्के. तो टीडीएस रिटर्न भरला की उत्पन्न कमी असेल तर परत मिळतो, माझ्या कितीतरी मैत्रिणी रिटर्नच भरत नाहीत आणि ते पैसे तसेच सोडून देतात, मला खरंच कळत नाही का.

कार्डासाठी पैसे मागणारा फ्रॉडच. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ कंपल्सरी आमच्याकडूनच, वर्कशॉप केलं तर रोल नक्की, हे सगळे एकाच माळेचे मणी. आणि ऑडिशन ऑफिसात किंवा स्टुडिओत, दिवसा. हॉटेलच्या रूमवर मीटिंग म्हटलं की कितीही मोठं नाव सांगू दे, जायचं नाही. सुरुवातीला मैत्रिणीला सोबत ने, कुणी हसलं तर हसू दे.

ये-जा करायचं विचारलंस. ऑडिशनपुरतं जमतं. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून जायचं, दिवसभरात दोन-तीन ठिकाणी जाऊन यायचं, संध्याकाळच्या पंचवटीने परत. पण ती सीएसएमटीहून सहा-सव्वासहाला सुटते आणि नाटकाच्या तालमी बऱ्याचदा तेव्हा कुठे सुरू होतात. म्हणजे काम शोधायला नाशिक चालतं, काम लागल्यावर नाही चालत.

नाशिककर_काका

सर्वांची मते वाचली. थोडे वेगळे बोलतो, पटले नाही तर सोडून द्या.

आमच्या पिढीने बँकेत नोकऱ्या करून नाटके केली. संध्याकाळी सहाला शाखेतून सुटायचे आणि तालमीला पळायचे. राज्य नाट्यचा प्रयोग असला की निम्मी शाखा सायखेडकर नाट्यगृहात येऊन बसायची. पैसे मिळाले नाहीत, उलट खिशातले गेले, पण हव्या त्या संहिता केल्या, कुणा निर्मात्याच्या तोंडाकडे बघावे लागले नाही. तात्यासाहेब शिरवाडकर नाशकातच राहिले, कानेटकर इथे कॉलेजात शिकवत होते, आणि त्यांची नाटके अख्ख्या महाराष्ट्राने पाहिली. मुंबईला गेले म्हणजेच कलाकार हा समज काढून टाकावा. मुली, आई म्हणते ते बीएड कर, शाळेत लाग, आणि आयुष्यभर सुखाने नाटक कर.

विंगेतला

@काका, मान आहे तुमच्या पिढीला, पण तुम्ही ज्यांची नावं घेतलीत ते दोघेही लेखक. लेखकाला नाशकात बसून लिहिता येतं. नटसम्राट लिहिलं नाशिककराने, पण १९७० साली उभं केलं मुंबईच्या धी गोवा हिंदू असोसिएशनने, आणि डॉक्टर लागू तिथे तालमीला होते म्हणून गणपतराव बेलवलकर झाले. नटाला तालमीच्या जागी स्वतः हजर असावं लागतं हो, पोस्टाने पाठवता येत नाही त्याला.

नाशिककर_काका

@विंगेतला, मुद्दा बिनतोड आहे, पण मग तुमच्या लागूंचेच घ्या. कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ ला पूर्णवेळ नट झाले तेव्हा चाळिशी उलटलेली होती. हातात पदवी होती म्हणून ती उडी मारता आली. मी तरी दुसरे काय सांगतोय?

मिसळ_पापड

काका १, विंग १. चहा सांगा कुणीतरी.

तिसरी_घंटा

बापरे, एवढं सगळं! खूप खूप थँक्यू. कॉल_शीट ताई, ते बहिणीला बोलल्यासारखं म्हणायचं आत्ता करून बघितलं, खरंच फरक पडतोय, आधीचा व्हिडिओ आता बघवत नाहीये.

विंगेतला दादा, कपडे सांभाळायला अजिबात ना नाही, कोर्समध्ये इस्त्रीपासून सगळं केलंय. पण एक विचारू का, बॅकस्टेजलाच अडकून पडते का माणूस? आमच्या एका सीनियरचं तसं झालंय, सगळे तिला लाईटवालीच म्हणतात आता. आणि एनएसडी (दिल्लीचं नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा) वगैरे पुढचं शिक्षण घेण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही, की ते या वयात करण्यात अर्थ नाही?

विंगेतला

अडकतात की. प्रयोग रोज सुरळीत करून देणारा माणूस कुणाला सोडवतो? म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं की मी अभिनय करते, रिप्लेसमेंट लागली तर मला आधी विचारा. एकदाच, नीट, सूत्रधार आणि दिग्दर्शक दोघांना. रोज रोज नाही. आणि वर्षभरात एकदाही विचारलं नाही तर ते नाटक सोड, दुसरं धर. मधेमधे एकांकिका करत राहा म्हणजे लोक तुला समोरून बघतील. लोकसत्ता लोकांकिकाला नाशिक केंद्र आहे, कॉलेजच्या पोरांना दिग्दर्शन किंवा आवाजाचं मार्गदर्शन हवंच असतं, तुझं वय स्पर्धेत बसलं नाही तरी तिकडून ओळखी होतात, परीक्षक म्हणून जे बसतात तेच पुढे नाटकं बसवतात.

बाय द वे, लाईट येत असेल तर त्या सीनियरला सांग, मुंबईत लाईट ऑपरेट करणाऱ्या मुली फार नाहीत आणि ऑपरेटरची नाईट काही नटांपेक्षा नियमित असते. तिला नको असेल तर गोष्ट वेगळी.

बहावलपूर_रिटर्न

एनएसडीचं विचारलंस म्हणून लिहितो. आमचे काही मित्र गेले, काही दोनदा-तीनदा देऊन राहिले, मी दिल्लीत बराच काळ त्यांच्यात काढलाय.

तीन वर्षांचा पूर्णवेळ कोर्स, वय १८ ते ३० मध्ये बसायला हवं, म्हणजे तुला वेळ आहे, घाई नाही. ग्रॅज्युएशन लागतं आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा लागतो, तर आत्तापासून प्रत्येक नाटकाची पत्रिका, ब्रोशर, सर्टिफिकेट, पेपरातलं कात्रण एका फाईलमध्ये लाव, आयत्या वेळी आयोजकांच्या मागे फिरणं फार वाईट असतं. आधी प्राथमिक ऑडिशन होते, त्यातून निवडलेल्यांना दिल्लीला काही दिवसांच्या वर्कशॉपला बोलावतात, तिथे खरी निवड. हिंदी चालू पाहिजे, आपल्याकडची पोरं हिंदीच्या उच्चारात मार खातात, 'च' आणि 'ज' ऐकले की कळतं नाशिकचा आहे. तीन वर्षं विद्यावेतन मिळतं, राहायला हॉस्टेल असतं, म्हणजे घरच्यांवर फार बोजा नाही.

पण हे करायचं कशासाठी ते ठरव. एनएसडी करून आल्यावरही मराठी व्यावसायिक नाटकाचा निर्माता गाडी पाठवत नाही. तिथून येतो तो माणूस दिग्दर्शन, डिझाइन, शिकवणं, वेगळ्या प्रकारचं नाटक याकडे जास्त वळतो. तुला मालिका करायचीय आणि तीन वर्षं दिल्लीत काढलीस तर ते उलटंच होईल. मराठीतच राहायचं असेल तर कलिन्याला मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकॅडमी आहे, दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स, आणि त्याचा मोठा फायदा म्हणजे दोन वर्षं तू मुंबईत कायदेशीर कारणाने राहतेस, घरच्यांना 'शिकतेय' असं सांगता येतं आणि संध्याकाळी तालमी बघता येतात (हे जरा लबाडीचं वाटेल, पण अर्धी मुंबई अशीच शिरलीय). फक्त एक प्रश्न स्वतःला विचार, अजून शिकायचंय म्हणून जातेयस की बाहेर पडायची भीती वाटते म्हणून. दुसरं असेल तर दोन वर्षांनी हाच धागा परत काढशील.

आणखी एक, केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते, १८ ते २५ वयासाठी, महिना पाच हजार, दोन वर्षं, त्यात नाटकही येतं. आधी पाच वर्षं शिकलेलं असावं अशी अट असते, तुझी बालनाट्यापासूनची वर्षं त्यात धरली जातात का ते जाहिरात निघाली की बारकाईने वाच. तुझ्याकडे वयाने दोनच वर्षं उरलीत त्यासाठी.

खडू_फळा

मी नाशकातच राहून नाटकावर पोट भरतो, एकही मालिका केलेली नाही, त्यामुळे माझंही ऐकून घे.

शाळांमध्ये गॅदरिंग असतं डिसेंबर-जानेवारीत, त्याआधी दोन-अडीच महिने प्रत्येक शाळेला बसवून देणारा माणूस हवा असतो. उन्हाळ्यात बालनाट्य शिबिरं. मधल्या काळात आवाजाची वर्कशॉप, कंपन्यांमध्ये सेफ्टी वीकला पथनाट्य (तुझे पप्पा अंबडला आहेत ना, त्यांना विचार, सातपूर-अंबडच्या कंपन्या दरवर्षी करतात), जाहिरातींचे व्हॉइस ओव्हर, आकाशवाणीचं नाटकाचं ऑडिशन दे, पास झालीस की अधूनमधून बोलावतात. यातलं एकेक फार मोठं नाही, पण सगळं मिळून घर चालतं. आईला सांग बीएडशिवायही शाळेत जाता येतं.

गंमत म्हणजे यात तुझा कोर्स शंभर टक्के वापरला जातो. सातवीतल्या पोराला श्वास पोटातून घ्यायला शिकवायचं म्हणजे आधी तुला स्वतःला नीट कळलेलं असावं लागतं. मी पोरांना एकच खेळ देतो, वर्गाच्या या टोकाकडून त्या टोकाच्या मित्राला न ओरडता डब्यात काय आणलंय ते सांगायचं. पहिल्या दिवशी सगळे ओरडतात. आठवड्याने शेंगदाण्याची चटणी असं अख्खं वाक्य मागच्या बाकावर स्वच्छ पोचतं.

पैशाचं इथेही भांडण आहेच. शाळा ड्रेपरीवाल्याला (भाड्याने पोशाख देणारा) ॲडव्हान्स देतात आणि बसवणाऱ्याला गॅदरिंग झाल्यावर 'बघू' म्हणतात. मी आता निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय तालीम सुरू करत नाही आणि साध्या कागदावर का होईना, किती तालमी, किती पोरं, किती रक्कम, कधी देणार, हे लिहून मुख्याध्यापकांची सही घेतो. सुरुवातीला लाज वाटते. आमच्या लाइनीत पैशाचं बोललं की कलेचा अपमान झाला असा चेहरा करणारे लोक असतात, त्यांच्याकडून तर आधी सही घे.

स्वतःचं काही करायचं असेल तर दोन पात्रांचं, एका बॅगेत मावेल एवढ्या सेटचं नाटक बसव. मोठ्या थिएटरचं भाडं छोट्या ग्रुपला झेपत नाही, पण छोटे हॉल आहेत, गच्च्या आहेत, सोसायट्या बोलावतात. तिकीट लावून जाहीर प्रयोग करणार असशील तर संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते, आणि दुसऱ्याचं लिखाण असेल तर लेखकाची लेखी परवानगी. हे दोन कागद नसले की ऐन प्रयोगाच्या दिवशी धावपळ होते.

कॉल_शीट

खडू_फळा यांचं सगळं मान्य, फक्त एक सांगते. गॅदरिंगच्या सीझनला तू शाळांना शब्द दिलास आणि तेव्हाच मुंबईतून रिप्लेसमेंटचा फोन आला तर? माझ्या मैत्रिणीचं झालंय असं. तिने दोन्ही धरायला बघितलं, शेवटी शाळावाले पण चिडले आणि नाटकही गेलं. त्यामुळे शाळा घेशील तर सोबत अजून एकीला धर जी तुझ्या मागे तालीम चालू ठेवेल.

आणि राहायचं झालंच तर अंधेरीला धावू नकोस, आरामनगरला ऑडिशन असतात म्हणून सगळे तिकडेच महागड्या खोल्या घेतात. मराठीचं बरंच शूटिंग घोडबंदर रोडला आणि गोरेगावला असतं, नाटकवाले दादर-ठाणे-डोंबिवलीत. ठाणे-कल्याण पट्ट्यात तीन-चार मुलींमध्ये खोली घे, नाशिकला यायलाही बरं पडतं.

तिसरी_घंटा

आज जेवताना पप्पांना सगळा धागा वाचून दाखवला. काकांचं सगळ्यात जास्त आवडलं त्यांना (साहजिक आहे), पण तीन महिन्यांनी पैसे हे ऐकून म्हणाले आमच्या व्हेंडर लोकांचं पण असंच असतं, मग त्यात काय एवढं. पथनाट्याचं ते सेफ्टी ऑफिसरना विचारणार आहेत.

माझं असं ठरतंय की दिवाळीपर्यंत इथेच, दोन शाळा मिळतात का बघायच्या, पैसे बाजूला टाकायचे, शनिवार-रविवार कालिदासच्या मागे. दिवाळीनंतर ठाण्याला. आमच्या बॅचची एक नाशकातच आहे, तिला शाळेसाठी विचारते. एनएसडीचं पुढच्या वर्षी, हिंदी सुधारल्यावर. जाहिरातीतल्या नंबरवर फोन पण केला मगाशी, त्यांनी रविवारी दुपारी दोनला बोलावलंय, फार काही विचारलं नाही, फक्त 'शिडीवर चढता का' विचारलं. 😀

विंगेतला

शिडीचं विचारलं म्हणजे लाईटला माणूस कमी आहे. काळा टीशर्ट, पायात सँडल नको, बूट घाल. आणि प्रयोग संपला की घरी पळू नकोस, सेट सोडवून बसमध्ये चढेपर्यंत थांब, नाव त्या वेळी विचारतात.

उपनगर_नाका

कथक विशारद झालेल्यांसाठी पण असंच काही सांगा ना कुणीतरी, बहीण विचारतेय.

मिसळ_पापड

वेगळा धागा काढा, इथे काका अजून लागूंवर आहेत.